हौसेचं घड्याळ रोज घालता येईल का?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३९. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या हिशेब आणि ऑर्डरी बघतात. घरी यजमान, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. पहाटे भाकरी-डबे, मग स्कूटीवरून कारखाना, दिवसभर संगणक आणि मध्ये मध्ये कापडाचे तागे मोजायला खाली-वर, संध्याकाळी मंडई. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं त्या दिवशी भरण्याची वेगळी धांदल. दिवाळीत पुण्याच्या नणंदेच्या हातात गुलाबी सोनेरी रंगाचं, गोल डायलचं स्मार्टवॉच पाहिलं आणि ते मनात भरलं. लग्नाला १५ वर्षं होतायत ती जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांतच. यजमान म्हणतात, "अठरा-वीस हजारांपर्यंत चालेल, घेऊन टाकू." ताईंच्या मनात मात्र घालमेल आहे. "एवढे पैसे घड्याळात म्हणजे उधळपट्टी नाही का? पण त्यात पावलं, झोप, ठोके सगळं कळतं, शुगरसुद्धा कळते म्हणे, म्हणजे सासूबाईंनाही उपयोग होईल. तब्येतीसाठी घेतलं तर पैसे वसूल होतील ना? आणि साडीवर, बांगड्यांबरोबर, रोज कामाला जाताना ते शोभेल का? सध्या आईचं चावीचं एचएमटी घालते. चालू आहे, पण दिवसाला चार-पाच मिनिटं मागं पडतं."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घड्याळ आवडलं हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि ते का घ्यावं याची कारणं पानभर. कारणं सगळी तब्येतीची. पण नणंदेच्या हातात ते पाहिलंत तेव्हा तुम्हाला तिच्या हृदयाचे ठोके दिसले नव्हते. फराळाचं ताट पुढं करताना मनगटावर चमकलेली ती कड दिसली असणार, आणि आपल्याही हाताला हे शोभेल असं वाटून गेलं असणार.

याला हौस म्हणतात, आणि हौसेत वाईट काही नाही. आपल्याकडं बाईनं स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की आधी त्याला उपयोगाची चिठ्ठी चिकटवावी लागते. मिक्सर घरासाठी, साडी लग्नकार्यासाठी, आणि आता घड्याळ तब्येतीसाठी. हे मला मनापासून खटकतं. पंधरा वर्षं घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या बाईला एक वस्तू आवडली, ती घ्यायला एवढं कारण पुरे आहे.

यात व्यवहारही आहे बघा. तब्येतीसाठी म्हणून दुकानात गेलात तर विक्रेता यादी वाचायला लागेल: शंभरावर व्यायामप्रकार, ऑक्सिजन, ताण, श्वासाचे व्यायाम. त्या यादीचे पैसे तुम्ही मोजाल आणि महिन्याभरानं त्यातल्या दोन गोष्टी बघत असाल. ज्यात जीव अडकला ते डायलचं माप, कडेचा मुलामा, पट्टा, वजन, हे मात्र कुणी नीट बघणार नाही. हौस म्हणून गेलात तर तेच आधी बघाल. म्हणून उधळपट्टी आहे की नाही हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि घड्याळ तुमच्या दिवसात घालून बघू.

सुरुवात पहाटेपासून. हात उचलला की पडदा उजळावा अशी सोय या घड्याळांत असते. भाकरी थापताना मनगट सारखं हलतं, म्हणजे तो पडदा उगाच उजळत राहणार आणि बॅटरी खाणार. त्यात पिठाचा हात आणि तव्याची धग. पट्ट्याच्या भोकांत आणि मागच्या सेन्सरभोवतीच्या खाचेत ज्वारीचं पीठ बसलं की ते घामानं चिकट होतं आणि तिथंच कातडीला खाज सुटते. थोडक्यात, परातीत पीठ काढायच्या आधी घड्याळ काढायचं. मग तुमचा 'रोज' म्हणजे साधारण नऊ ते सात. याचा अर्थ घड्याळ दिवसातून निदान दोनदा काढलं-घातलं जाणार. तेव्हा पट्टा एका हातानं घालता येतो का हे दुकानात स्वतः करून बघा. छोट्या पिनेत पट्टा ओवून शेपूट आत खुपसायची पद्धत दिसायला सुबक असते, पण सकाळच्या घाईत ती जीव खाते.

पाण्याचं म्हणाल तर खोक्यावर ५ एटीएम किंवा ५० मीटर लिहिलेलं असतं. ते घालून ५० मीटर खोल बुडी मारता येते असा त्याचा अर्थ नाही. नव्या घड्याळावर स्थिर पाण्याचा तेवढा दाब देऊन घेतलेली ती चाचणी असते. आतले रबराचे सील कालांतरानं सैल होतात, आणि साबण व कढत पाणी ते लवकर बिघडवतात. पाण्याच्या दिवशी बादल्या भरताना शिंतोडे उडाले तर चिंता नको. धुणं-भांडी आणि आंघोळीला मात्र काढून ठेवा. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, पाणी आत गेल्याचा बिघाड बऱ्याच वॉरंटीत धरत नाहीत. ती बारीक अक्षरं घ्यायच्या आधी वाचा.

आता बांगड्या. तुमच्या पत्रातला हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, कारण घड्याळांची माहिती देणारे लोक यावर कधी बोलत नाहीत. बहुतेक बायका विचारतात, बांगड्यांनी काचेवर ओरखडे पडतील का? उत्तर बांगडी कसली आहे त्यावर आहे. टणकपणा मोजायची एक पट्टी असते. तिच्यावर सोनं अडीच-तीनच्या आसपास, पडद्याची काच साडेपाच-सहा, धुळीतला वाळूचा कण ७, अमेरिकन डायमंडचे खडे ८ च्या वर आणि महागड्या घड्याळांची सफायर काच ९. जास्त टणक वस्तू कमी टणक वस्तूला ओरखडते. म्हणजे पाटल्यांनी घड्याळाला काही होत नाही, उलट स्टीलच्या कडेवर घासून पाटलीचंच सोनं झिजतं. खड्यांच्या बांगड्या साध्या काचेवर रेघोट्या ओढतात. आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ पडद्यावर असताना पदरानं खसाखसा पुसलंत तर बांगडी नसतानाही रेघा उमटतात. आधी फुंकर, मग मऊ कापड.

शिवाय बांगडी पडद्यावर आपटली की आपोआप काहीतरी दाबलं जायची भीती असते. फोन नको त्या माणसाला लागतो, गजर बंद होतो. म्हणून डावीकडं घड्याळ आणि उजवीकडं बांगड्या, ही आपल्या आयांची विभागणी या यंत्रालाही लागू पडते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोन्ही हात भरून हिरवा चुडा घालायचा असेल तर त्या दिवशी स्मार्टवॉच घरी राहू द्या.

साडीवर शोभेल का? रंगापेक्षा हे मापावर ठरतं. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. दुकानातली गोल स्मार्टवॉच बहुधा ४१ ते ४६ मिलिमीटरची असतात, जाडी १० च्या पुढं. तुमच्या एचएमटीची सवय असलेल्या मनगटाला हा मोठाच बदल आहे. एक सांगते ते करा, खर्च काही नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याच्या ४३ मिलिमीटरच्या चकत्या कापा, एकावर एक चिकटवून सेंटीमीटरभर जाड करा, मध्यातून फीत ओवून मनगटावर बांधा आणि एक अख्खा दिवस वावरा. ब्लाउजच्या बाहीत अडकते का, स्कूटीची मूठ पिरगाळताना मनगटाच्या मागच्या बाजूला रुतते का, टंकताना टेबलाच्या कडेला घासते का, हे संध्याकाळपर्यंत कळतं. आरशात बघा, पण लांबून, उभं राहून. चकतीची किंवा पट्टा जोडायच्या शिंगांची टोकं मनगटाच्या बाहेर डोकावत असतील तर ते माप तुमचं नाही. छायाचित्रांत हे कधीच कळत नाही, कारण तिथं नुसतं घड्याळ दाखवतात.

आता तब्येतीकडं येते, आणि इथं मला थोडं कडक बोलायचं आहे. सासूबाईंच्या शुगरसाठी हे घड्याळ घेऊ नका. सुई न टोचता, नुसत्या मनगटावरून रक्तातली साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. तरी असे आकडे दाखवणारी स्वस्त घड्याळं सर्रास विकली जातात. पडद्यावर आकडा आला की माणूस त्यावर विश्वास ठेवतो. त्या आकड्यावर विसंबून कुणी गोळी चुकवली, इन्शुलिन कमी-जास्त घेतलं तर जिवावर बेतेल. सासूबाईंसाठी बोटातून थेंब घेऊन मोजणारं साधं ग्लुकोमीटर आणा आणि डॉक्टर सांगतील त्या वेळी मोजा. विक्रेता "यात शुगर पण येते" म्हणाला तर माझ्या मते ते घड्याळ यादीतून काढायला तेवढंच कारण पुरेसं आहे. रक्तदाबाचंही असंच. जी नामवंत घड्याळं तो दाखवतात त्यांतलीही बहुतेक आधी दंडाला पट्टा बांधायच्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागतात आणि अधूनमधून पुन्हा जुळवावी लागतात.

ठोक्यांचं तसं नाही, ते बऱ्यापैकी कळतात. घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात ना, रक्त हिरवा प्रकाश शोषतं, प्रत्येक ठोक्याला तिथलं रक्त वाढतं-कमी होतं आणि परत येणाऱ्या प्रकाशातला तो फरक यंत्र मोजतं. पण त्यासाठी पाठ कातडीला टेकलेली हवी, मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, फार आवळून नाही, पण हलणार नाही अशी. आणि फॅशनची स्मार्टवॉच कशी घालतात? बांगडीसारखी, सैल, साखळीच्या पट्ट्यात, खाली हातावर ओघळलेली. सुंदर दिसतात, पण तशी घातली तर ठोके चुकतात. म्हणजे बघा, हौस आणि तब्येत एकाच पट्ट्यात बसत नाहीत. दोन्ही हवं असेल तर पट्टे दोन लागतील. चालायला जाताना मऊ आणि घट्ट, कार्यक्रमाला सैल आणि देखणा.

पावलांबद्दलही एक ऐकून ठेवा. रोज १०,००० पावलांचा जो आकडा सगळे सांगतात, तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. वैद्यकीय संशोधनातून ठरलेला तो नियम नाही. आणि मनगटावरचं यंत्र पावलं मोजतं ती हाताच्या झोक्यावरून. पाण्याच्या दिवशी दोन्ही हातांत बादल्या घेऊन जिना चढता तेव्हा हात हलत नाही, म्हणून त्या दिवसातले सगळ्यात कष्टाचे फेरे घड्याळाच्या हिशेबात धड येतच नाहीत. रात्री "आजचं लक्ष्य अपूर्ण" असं दिसलं तर मनाला लावून घेऊ नका. आधीच स्वतःला कमी लेखणाऱ्या बायकांना हे आकडे फार टोचतात, हे मी इथं येणाऱ्या पत्रांतून पाहिलंय.

मग वीस हजारांचं काय करायचं? इथं मी तुमच्या आईच्या घड्याळाकडं वळते.

एचएमटीची घड्याळं १९६१ पासून बनायला लागली. २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. कंपनी गेली, पण तुमच्या आईचं घड्याळ चालू आहे, कारण त्यात चक्रं आहेत आणि चक्रं पुसणारा माणूस अजून गावात आहे. स्मार्टवॉचचं तसं नसतं. ते कंपनीच्या ॲपवर जगतं. फॉसिलसारख्या फॅशनच्या घड्याळांत मुरलेल्या कंपनीनं जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं की यापुढं आम्ही स्मार्टवॉच काढणार नाही, आहेत त्यांना काही वर्षं अपडेट देत राहू. त्याआधीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०१५ मध्ये ॲपलनं १८ कॅरट सोन्याच्या कवचाचं घड्याळ काढलं, किंमत १० हजार डॉलरपासून पुढं. २०१८ मध्ये नवी प्रणाली आली ती त्या पहिल्या पिढीच्या कुठल्याच घड्याळावर चढत नव्हती, सोन्याच्याही नाही. तीन वर्षांत आतलं यंत्र जुनं झालं, बाहेरचं सोनं आहे तसंच होतं.

माझंही असं झालंय. काही वर्षांपूर्वी मी एका नावाजलेल्या कंपनीचं गुलाबी सोनेरी घड्याळ घेतलं. पहिलं वर्ष सुखाचं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात कडेच्या आतल्या बाजूचा, जिथं घाम साचतो तिथला मुलामा उडाला आणि खालचा राखाडी धातू उघडा पडला. त्या जागी मनगटावर लाल चट्टा उठला, त्वचेच्या डॉक्टरांनी निकेलची ॲलर्जी सांगितली. तिसऱ्या वर्षी बॅटरी दुपारीच मान टाकायला लागली. दुरुस्तीसाठी विचारलं तर पुण्याला पाठवा म्हणाले, आणि बॅटरीचा खर्च नव्या घड्याळाच्या निम्म्यावर. अजून कपाटात आहे ते. टाकवत नाही आणि घालताही येत नाही.

बॅटरीचा हिशेब साधा आहे. लिथियमची बॅटरी साधारण पाचशे ते हजार वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली की तिची ताकद उतरते. फोनसारखी मोठी प्रणाली असलेलं, भरपूर ॲप चालवणारं महागडं घड्याळ रोज किंवा दिवसाआड चार्ज करावं लागतं. रोज केलं तर पाचशे वेळा म्हणजे दीड वर्षही नाही, हजार वेळा म्हणजे पावणेतीन वर्षं. साध्या प्रणालीचं, आठवड्यातून एकदा चार्ज होणारं घड्याळ त्या हिशेबानं कितीतरी मागून थकेल. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ च्या वर जातो. ॲपलसारखी कंपनी आपलं घड्याळ ० ते ३५ अंशांत वापरा म्हणते. उन्हात उभ्या केलेल्या स्कूटीच्या डिकीत काय तापमान असेल याची कल्पना करा. तिथं घड्याळ कधीच ठेवू नका. दिवसाआड चार्जिंगची कटकट तुमच्या घरात निभणार नाही असंही मला वाटतं. मुलांचे टॅब, यजमानांचा फोन, सासूबाईंचा फोन असताना तुमच्या घड्याळाला रात्री खोबणी मिळेल याची मला खात्री नाही.

तेव्हा मी तुमच्या जागी असते तर अठरा-वीस हजार घड्याळात घातले नसते. उधळपट्टी होईल म्हणून नव्हे, तर ज्या गोष्टीचे ते पैसे आहेत ती तीन-चार वर्षांत विझणारी आहे म्हणून. गोल, धातूच्या कवचाचं, अमोलेड म्हणजे ठळक, चमकदार रंगांच्या पडद्याचं, आठवडाभर चालणारं बऱ्यापैकी घड्याळ चार-सहा हजारांत येतं. तुम्हाला लागेल तेवढं ते करतं: वेळ, ठोके, पावलं, गजर, फोन आल्याची थरथर. शिवणयंत्रांच्या आवाजात फोनची रिंग ऐकू येत नाही असं तुम्ही लिहिलंय, तिथं ही थरथर खरोखर कामाची आहे. घड्याळातूनच बोलायची सोय असते, पण त्या आवाजात तिचा उपयोग नाही आणि ऑर्डरीचा भाव चार माणसांत मोठ्यानं बोलायचाही नसतो.

दुसरा एक मार्ग आहे, तो फार लोकांना माहीत नसतो. खरे काटे असलेली, दिसायला साधं घड्याळ आणि आतून पावलं-ठोके मोजणारी हायब्रिड घड्याळं. साडीवर ती स्मार्टवॉचपेक्षा शोभतात असं माझं मत. मात्र चांगली हायब्रिड महाग पडतात, निवड थोडी असते आणि सोलापुरात हातात घेऊन बघायला मिळतीलच असं नाही. न बघता ऑनलाइन घ्यायचं असेल तर परत करायची मुदत किती दिवस ते आधी पाहा.

पण नणंदेचंच घड्याळ मनात घट्ट बसलं असेल, आणि चार वर्षांनी ते कपाटात गेलं तरी वाईट वाटणार नाही असं तुम्ही मोकळ्या मनानं म्हणू शकत असाल, तर तेच घ्या. यजमान आनंदानं देतायत, घराचा कुठला खर्च अडत नाही, मग मी कोण नको म्हणणार. फक्त त्याला "तब्येतीसाठी" म्हणू नका. नाहीतर पावलं कमी पडली त्या प्रत्येक दिवशी पैसे वाया गेल्यासारखं वाटेल. एक खात्री मात्र आधी करा. आयफोनशिवाय ॲपलचं घड्याळ चालत नाही, आणि सॅमसंग व गुगलची आताची घड्याळं आयफोनला जुळत नाहीत. नणंदेचा फोन कुठला आणि तुमचा कुठला, ते विचारा.

दुकानात जाल तेव्हा दुपारी जा. नवी पेठेत रविवारी संध्याकाळी गर्दीत गेलात तर काचेच्या कपाटातल्या दिव्याखाली सगळीच घड्याळं झळकतात. दुपारी एक वाजता हातात घालून दुकानाच्या पायरीवर या आणि उन्हात वेळ वाचून बघा. डोळे बारीक करावे लागले तर ते सोलापूरसाठी नाही. मग स्वतःलाच मराठीत एक निरोप पाठवा. "ज्ञानेश्वरीचं पारायण, कृष्णाकाठी, सर्वांनी यावं" असं काहीतरी, जोडाक्षरं आणि रफार असलेलं. काही घड्याळांवर जोडाक्षरं फुटतात, काहींवर नुसते चौकोन दिसतात. आपल्या गावात तर एका फोनवर मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही निरोप येतात. तुमच्या कारखान्यातल्या मावश्या तेलुगूत लिहीत असतील तर त्याही लिपीत पाठवून बघा.

कवच कशाचं आहे ते विचारा. स्टेनलेस स्टील असेल तर उत्तम, जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा असेल तर माझ्या मनगटाचा चट्टा आठवा. आधी कधी खोट्या दागिन्यांनी कान चिघळले असतील तर हे विचारल्याशिवाय घेऊच नका. पट्टा २० किंवा २२ मिलिमीटरचा, नेहमीच्या पिनेचा असावा, म्हणजे बाजारात शे-दोनशेला दुसरे मिळतात. कंपनीची स्वतःची वेगळीच खाच असेल तर आयुष्यभर तिच्याकडूनच पट्टे घ्यावे लागतील. चार्जर हरवला तर सुटा मिळतो का, केवढ्याला, आणि दुरुस्ती सोलापुरात की पुण्याला, हे बिल करायच्या आधी विचारा. आणि यजमान अचानक आणून देणार असतील तर त्यांना हे सांगून ठेवा: पांढरा किंवा मोतिया पट्टा नको. तो खोक्यात फार देखणा दिसतो, पण फोडणीला हात लागला की हळद त्यात मुरते ती कशानंही निघत नाही.

आता आईचं एचएमटी. दिवसाला चार-पाच मिनिटं मागं पडतं म्हणजे ते संपलं असं मुळीच नाही. आतलं तेल वाळलंय, एवढंच बहुधा. चावीची घड्याळं उघडणारा जुना कारागीर शोधा, पुसून तेल घालून घ्या, बहुतेक पुन्हा मिनिटाच्या आतबाहेर वेळ दाखवेल. ते लहान आहे, पातळ आहे, पाटल्यांच्या पुढं सुरेख बसतं. गड्ड्याला, हळदीकुंकवाला, लग्नकार्याला तेच घाला. रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या, थांबेपर्यंत हळूच, जोर न लावता.

आणि नवं घड्याळ आलं की दोन्ही एकाच खणात ठेवाल, तेव्हा एक सांभाळा. स्मार्टवॉचचा चार्जर लोहचुंबकाचा असतो. चावीच्या घड्याळात केसाएवढी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग असते. चुंबकाजवळ राहिली की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतंच पुढं पळायला लागतं. चार्जर खिडकीपाशी ठेवा, आईचं घड्याळ कपाटात, तिच्या एखाद्या रुमालात गुंडाळून.